फक्त साखरपुडा

रामवाडी, पेण
२ मार्च

आई,

तू फोन उचलत नाहीस आणि अप्पांनी उचलला की ते स्पीकरवर टाकून अख्ख्या ओसरीला ऐकवतात. म्हणून पत्र. इंदुबाई दर रविवारी वाल विकायला पेणच्या बाजारात येते, तिच्या टोपलीतून हे तुझ्यापर्यंत येईल. तू सातवी शिकलेली आहेस, तेव्हा वाचता येत नाही हे सोंग माझ्यापुढे करू नकोस.

आज मी तिला वालाचा भाव विचारत होते, तर ती म्हणाली, "भाव ऱ्हाऊदे गो. तुज्या दिशाची सुपारी फुटली, तुला ठावं नाय?" मला वाटलं चेष्टा करतेय. मग तिने मुलाचं नावही सांगितलं. सुशील, धाटावच्या कंपनीत आहे, शिफ्ट करतो, घर पक्कं आहे. इंदुबाईला सगळं माहीत, गावाला सगळं माहीत, फक्त दिशाच्या सख्ख्या बहिणीला बाजारात उभ्या उभ्या कळतं.

दिशाला आत्ता कुठे सोळावं लागलंय, आई. तिचे दहावीचे पेपर चालू आहेत. पोर आतल्या खोलीत भूगोल वाचत बसलीय आणि बाहेर पाहुणे पोहे खाऊन सुपारी फोडून जातात, आणि तू त्यांना चहा देतेस. तू! दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी आधी तुझ्याकडेच आले असते, की चल, त्या बाईला समजावू.

दोन वर्षांपूर्वी मी आरोग्य संस्थेकडून गावात आले तेव्हा शाळेच्या खोलीत तक्ते लावून बसले होते. बाया आल्या, पदराआड हसल्या आणि पाण्याचं निमित्त काढून उठून गेल्या. तूच मला म्हणालीस, "असं तोंडाकडं बगून कोण बोलंल? हाताला काय तरी काम दे." दुसऱ्या दिवशी तू भिजवलेल्या वालांची परात मांडलीस. बिरडं सोलताना मान खाली राहते, कोणाला कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. पाळीचं, दिवस राहण्याचं, गोळ्यांचं, जे बायांनी नवऱ्यासमोरही कधी उच्चारलं नव्हतं, ते त्या परातीभोवती निघालं. आता पाच गावांत तशा बैठका बसतात. आमच्या रिपोर्टात याला स्थानिक क्षमताबांधणी म्हणतात. पुण्याहून साहेबमंडळी येऊन फोटो काढून गेली, त्या फोटोत मधोमध तू आहेस, हातात वाल.

माझ्या लग्नानंतर नऊ वर्षं मी तुझ्याशी धड बोलले नव्हते. त्या परातीपाशी आपण पुन्हा बोलायला लागलो. म्हणून हे मला जास्त लागलंय.

काय खरं ते मला तुझ्याकडून कळू दे.

नम्रता


रामवाडी
९ मार्च

आई,

तू दोन वाक्यांचा निरोप पाठवलास. "म्हणावं, साखरपुडाच हाय. आन् म्हणावं, तूच शिकवलंस." इंदुबाईने तो तुझ्याच सुरात सांगितला, हात कमरेवर ठेवून. बाजारात लोक बघायला लागले.

आधी साखरपुड्याचं बोलू. माझासुद्धा साखरपुडाच होता. मी हिरवी साडी नेसले, तू माझ्या वेणीत अबोली माळलीस आणि म्हणालीस, संध्याकाळी आल्यावर साडी घडी करून ठेव, मावशीची आहे. दुपारी कोणीतरी म्हणालं, मंडळी जमलीच आहेत, भटजीही आहेत, परत खर्च कशाला. संध्याकाळी मी गोविंदाच्या दारात माप ओलांडत होते. शाळेचं दप्तर तुझ्याकडेच राहिलं. आपल्याकडे साखरपुड्यात लग्न असंच उरकतात. एका जेवणात दोन कामं होतात, आणि सरकारी माणसाने विचारलंच तर छातीवर हात ठेवून सांगता येतं, साखरपुडाच आहे. तेव्हा हे वाक्य दुसऱ्या कोणाला ऐकव.

गोविंदा वाईट नाही. वडखळ स्टँडवर दिवसभर मिनीडोर रिक्षा चालवतो, घरी येतो, किमयाचा अभ्यास घेतो. माझं नशीब बरं निघालं म्हणून ती गोष्ट बरी होत नाही.

आता दुसरं वाक्य. "तूच शिकवलंस." याचा अर्थ कळायला मला बराच वेळ लागला. जानेवारीच्या बैठकीत मी म्हणाले होते, एकदाने काही होत नाही हा गैरसमज आहे, पहिल्याच वेळी दिवस राहू शकतात. तू हातातला वाल तसाच धरून विचारलंस, "म्हंजे एकदाच पुरं?" मी खूश झाले, की आई किती नेमकं विचारते. त्याच आठवड्यात शेतावर वालाच्या शेंगांची पोपटी लावली होती. मडक्याभोवती पोरंपोरी बसली होती आणि दिशा वर्गातल्या एका मुलाशी हसत होती. तू ते पाहिलंस, माझं वाक्य त्याला जोडलंस, आणि ठरवलंस की पोट राहायच्या आत मंगळसूत्र घालून टाकायचं.

इंदुबाई म्हणते, बैठकीतल्या अजून दोन घरांत घाई सुरू झालीय. म्हणजे मी कोवळ्या वयातलं बाळंतपण टाळायला शिकवत होते आणि तुम्ही बदनामी टाळायला शिकलात. लग्नानंतर सोळाव्या वर्षी राहिलेलं पोट हे पोट नसतं का गं? मंगळसूत्र बघून पोटुशीचा रक्तदाब कमी होतो का?

किमयाच्या वेळी मला जीपमधून रोह्याला नेलं, तेव्हा माझं डोकं तुझ्या मांडीवर होतं. मला झटके येत होते. मधेच शुद्ध आली तेव्हा डॉक्टरीणबाई तुला विचारत होत्या, "हिचं वय काय?" तू म्हणालीस, एकोणीस. मी सतरा वर्षांची होते. मी ते ऐकलं होतं, आई. तुला कधी बोलले नाही.

नम्रता


रामवाडी
२३ मार्च

आई,

दिशाच्या शेवटच्या पेपराला मी रोह्याला गेले होते. शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले. ती तुला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगते. तिला ओरडू नकोस, मी बोलावलं म्हणून ती थांबली.

मला वाटलं होतं ती गळ्यात पडून रडेल. तिने वडापाव मागितला. अर्धा खाऊन झाल्यावर म्हणाली, "ताई, तू समद्या बायांना सांगतेस. मला कदी काय सांगितलंस? आमी पोरी आलो की तुमी गप होता. नाय तर पाणी आणाया धाडता."

बैठकीला बिनलग्नाच्या पोरी नकोत, ही अट तुम्ही घातलीत आणि मी मान डोलावली, की आधी आयांचा विश्वास मिळू दे. दोन वर्षं आपण पोरींबद्दल बोललो आणि पोरींनाच बाहेर ठेवलं. आयांच्या मनात भीती भरली. त्या भीतीचं काय करायचं ते त्यांनी आपापल्या परीने ठरवलं.

त्या मुलाचं मी विचारलं. "त्याच्याकडनं भूमितीचं बुक घेतलं व्हतं. हसले. हसायचं नाय का?" एवढंच आहे. सुशीलबद्दल म्हणाली, वंगाळ नाय, पण मला कॉलेजात जायचंय. मग कागदाला हात पुसत तिने विचारलं, "तू तक्रार केलीस तर आईला जेलात टाकतील?"

मी तिला सांगितलं की कायदा काय आहे. तुलाही सांगते. मुलगी अठराची नसताना लग्न लावलं तर लावून देणारे, लावणारे, जमवणारे, सगळे त्यात येतात. आपले ग्रामसेवकच त्याचे अधिकारी असतात. मी त्यांना भेटून आले, नाव न सांगता. ते म्हणाले, "साखरपुड्याला बंदी नाही, ताई. लग्न लागतंय असं कळलं तर मी पोलीस घेऊन येतो." आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर आहे, तो कोणीही फिरवू शकतं. मीसुद्धा.

नाओमी सिस्टरांना मी सगळं सांगितलं. तुला त्या आठवतात, पहिल्या बैठकीला आल्या होत्या, निवृत्त नर्स, मला हे काम त्यांनीच शिकवलं. त्या ज्यू, त्यांचे भाऊ-बहिणी सगळे इस्रायलला गेले, पेणमध्ये त्या एकट्याच उरल्यात आणि कोणाचं मन राखायला म्हणून बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "तक्रार केलीस तर दिशा वाचेल. पण जी स्वतःच्या आईवर पोलीस घालते तिच्यापुढे पाच गावांत एकही बाई तोंड उघडणार नाही. मग पुढच्या दहा दिशांचं काय? दोन्ही बाजू धरून ठरव." मी म्हटलं, तुम्ही काय कराल? त्या म्हणाल्या, "माझी आई नाही ती."

मला हे ठरवायला लावू नकोस, आई. पाया पडते. तूच थांबव. निदान गावदेवीपुढे नारळ ठेवून सांग, की त्या दिवशी साखरपुड्याच्या पुढे काही होणार नाही. तेवढं केलंस तर मी फोनला हात लावणार नाही.

नम्रता


रामवाडी
१३ एप्रिल

आई,

इंदुबाईने सांगितलं, तू नारळ ठेवलास. ती सोबत होती. "देवीपुढं बोलली गो तुजी आई, साखरपुड्याच्या पुढं एक अक्षता पडायची नाय." ऐकून मी बाजारातच खाली बसले, वालाच्या टोपलीशेजारी. तिने मला पाणी दिलं.

मला तुझ्यावर विश्वास ठेवायचाय. पण शुक्रवारी सुशीलची आई मला पेणला दिसली. ती मला ओळखत नाही, मी तिचा फोटो दिशाकडे पाहिलाय. दुकानात मुंडावळ्या बघत होती. दोन जोड घेतले. साखरपुड्याला मुंडावळ्या कशाला लागतात?

अप्पांना हे माहीत आहे का? तू विचारलंस का त्यांना? की शपथ तुझी एकटीची आहे आणि बाकीच्यांनी वेगळंच ठरवलंय? येत्या शनिवारी मांडवात अप्पा, भटजी, सुशीलचे मामा, काका उभे राहून म्हणतील, उरकून टाका. तेव्हा तू काय करशील? माझ्या वेळी तू स्वयंपाकघरात निघून गेली होतीस. चूल बघायला.

मी हे दुखवायला लिहीत नाही. थोडं दुखवायलाही लिहितेय. मला भीती वाटते.

ठरल्याप्रमाणे मी येणार नाही, अप्पांनी बजावलंय. इंदुबाईकडे मोबाईल आहे.

नम्रता


रामवाडी
२७ एप्रिल

आई,

फोन मी केला. गावात सगळ्यांना ते माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहिलेलं तुझ्याकडे असावं. दुसऱ्या कोणावर आळ नको. इंदुबाईवर तर नकोच.

त्या शनिवारी मी सकाळपासून मोबाईल हातात धरून बसले होते. नाओमी सिस्टर शनिवारी फोन बंद ठेवतात, त्यांचा शब्बाथ असतो, विसाव्याचा दिवस. त्यांना विचारायचं म्हटलं तरी सोय नव्हती. गोविंदा धंद्यावर न जाता घरीच थांबला होता. तो एवढंच म्हणाला, "तू काय करशील ते कर, मी आहे." अकरा वर्षांपूर्वी त्याच्याही मुंडावळ्या अशाच आयत्या वेळी आल्या होत्या.

जेवणाच्या सुमाराला इंदुबाईचा फोन आला. गोठ्याच्या मागून बोलत होती. "भटजीनं अंतरपाट काढलाय गो. दिशाला पाटावर उभी केलीय." मी विचारलं, आई कुठे आहे? ती म्हणाली, "दिसत नाय." मला वाटलं, गेली चूल बघायला. मी १०९८ लावला, मग ग्रामसेवकांना लावला. माझा आवाज अजिबात कापला नाही, याचं मला आता नवल वाटतं.

पुढचं आज इंदुबाईकडून कळलं. ती गेला रविवार आलीच नाही. आज आली ती टोपली न उतरवताच बोलायला लागली. तू तिथे होतीस, तुला सगळं माहीत आहे, तरी मी लिहिते, कारण मी ते पाहिलं नाही आणि आयुष्यभर मला ते पाहायला मिळणार नाही. इंदुबाई फोन करून मांडवात परत आली तेव्हा तू अंतरपाट भटजींच्या हातातून ओढून घेतला होतास. घडी घालून बुडाखाली घेतलास आणि दिशाच्या पुढ्यात मांडी ठोकून बसलीस. म्हणालीस, "माजी एक पोर अशीच गेली. दुसरी जायाची नाय. ज्याला लगीन लावायचं त्यानं मला उचलून लावा." सुशीलची आई ओरडत होती. अप्पा म्हणाले, "शांते, ऊठ, लाज काढू नको." तू उठली नाहीस. मग इंदुबाई तुझ्याशेजारी बसली. मग बैठकीतल्या एक एक करून बाकीच्या बसायला लागल्या, ज्यांच्या घरात पोरींची घाई चाललीय त्या दोघीही. सुशील स्वतः म्हणाला, राहू दे, दोन वर्षं थांबू. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. इंदुबाई म्हणते, "आजून जरा येळ गेला असता तर तुजं अप्पा मानलं असतं."

आणि तेवढ्यात जीप आली.

सगळे उठले. तुला पोलीसबाईने हाताला धरून उठवलं आणि तुझ्या खालचा अंतरपाट पुरावा म्हणून घेतला. तुम्हा दोघांना नेऊन हमीपत्रावर सह्या घेतल्या. गाव आता म्हणतं, पोरीने आईवर पोलीस घातले म्हणून लगीन मोडलं. तू बसली होतीस हे कोणी बोलत नाही.

तुझा निरोप इंदुबाईने या वेळी हात कमरेवर न ठेवता सांगितला. "म्हणावं, मी देवीपुढं बोलले व्हते. गाव माजं ऐकाया लागलं व्हतं. आता म्हणतात पोलिसानं थांबवलं. उद्या ज्या घरी पोलीस पोचायचा नाय, तिथं कोण थांबवंल?"

एका आईने भर मांडवात बसून नाही म्हटलं, हे पाच गावांत पसरलं असतं तर आम्ही दहा वर्षं तक्ते लावून जे झालं नसतं ते झालं असतं. ते मी मोडलं. मी त्या दिवशी रडले नाही, आज रडले, बाजारात, सगळ्यांसमोर.

तरी मी माफी मागत नाही, आई. तू खरं सांगतेस हे मी मानते. पण त्या घटकेला मला पेणमध्ये बसून फक्त एवढंच माहीत होतं, की पोर पाटावर आहे आणि आई दिसत नाही. एकदा मी स्वतः त्या पाटावर उभी राहून तुला शोधलं होतं. मी तुझ्या शपथेवर थांबले असते आणि तू हरली असतीस, तर दहा वर्षांनी दिशाने तुला असं पत्र लिहिलं असतं. पुन्हा तसंच झालं तर मी पुन्हा फोन करीन. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे.

निरोपाचा शेवटचा भाग इंदुबाई सांगेना, मी दोनदा विचारल्यावर बोलली. "पोरींची बैठक मी घ्येनार हाय. दिशा, आन् गावातल्या समद्या. पोरी काय काय इचारतात, मला समदं येत नाय. नाओमीबाईला धाड. तू येऊ नको."

बरं. नाही येणार.

सिस्टर गुरुवारी येतील. त्यांचे गुडघे दुखतात, खांबच्या फाट्यावर कोणाला तरी उभं कर. पोरींनी काहीही विचारलं तरी त्या लाजणार नाहीत, तूही मधे हसू नकोस. पेणहून वडखळपर्यंत मी त्यांच्यासोबत असेन. तिथे त्यांना एसटीत बसवून देईन आणि गाडी सुटली की परत फिरेन.

तुझी
नम्रता